बापूसाहेबांच्या मोटारीमागची मेंढरं

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. बायको होती तोवर तिलाही सांगितलं नाही. तिने एक-दोनदा खोदून विचारलं, तेव्हा मी उठून बाहेर गेलो. आता नव्वदी उलटली, हात थरथरतो. म्हणून मी बोलतोय आणि नातसून कॉम्प्युटरवर उतरवून घेतेय. तिलाही हे आजच कळतंय.

आधीच सांगतो... भूतखेत, भानामती, चकवा यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. मी जन्मभर गॅरेजमध्ये काम केलं. इंजिनातून वेगळा आवाज आला की त्याला कारण असतंच. सैल झालेला नट असेल, फुटलेलं गॅस्केट असेल. कारण सापडलं नाही तर चूक शोधणाऱ्याची, हे मी हाताखालच्या माणसांना शिकवत आलो. एका आवाजाचं कारण मात्र मला आजवर सापडलेलं नाही. त्याबद्दलच लिहितोय.

आमचं गाव जवळा बाजारपासून दीड कोसावर, औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. नाव देत नाही, त्या घरातली माणसं अजून तिथे नांदतात. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, आम्ही परभणीत मोडायचो, आणि राज्य निजामाचं होतं. दुसरी लढाई संपून वर्षभर झालं असेल. मी बावीस वर्षांचा होतो. गावचे मोठे जमीनदार म्हणजे बापूसाहेब. त्यांच्याकडे मी मोटार राखायला होतो.

मोटार दोन माणसांची, बुटकी, तारांच्या चाकांची, वर कापडी टप. विलायती होती आणि एकेकाळी शर्यतीत पळणाऱ्या जातीची. हैदराबादच्या कुणा नवाबाने वापरून टाकलेली, बारा-तेरा वर्षांची. बापूसाहेबांनी ती हौसेने आणली. पण तिचे दोन्ही सायलेन्सर गंजून जाळी झाले होते. तुम्ही ज्याला आता मफलर म्हणता तेच ते. लढाईमुळे सुटे भाग मिळत नव्हते. मी पत्र्याची दोन नळकांडी वळली, आत भोकं पाडलेली नळी घातली, भोवती लोखंडाचा कीस ठासला आणि बसवली. गाडी चालली. पण बापूसाहेब गावातून एक फेरी मारून आले आणि दार आपटून उतरले.

"सोपान्या, ही मोटार हाय का पिठाची गिरणी? लोक जात्यावरून उठून दळण घेऊन येतील."

वाड्यावरची माणसं हसली. मला ते लागलं. बापूसाहेबांनी हैदराबादला कुणाची तरी गाडी ऐकली होती, तसा आवाज त्यांना हवा होता. गाडी दिसायच्या आधी लोक रस्त्यातून उठले पाहिजेत. "तसा आवाज काढून दाखव, तुला हैदराबादच्या कारखान्यात चिकटवतो," म्हणाले. मला तेच हवं होतं.

मी दोन्ही सायलेन्सरमधला कीस काढून टाकला. आवाज मोठा झाला, पण फाटका. डबा बडवल्यासारखा. मग मी दत्तू ओतारीकडे गेलो. तो जवळ्याला समया, घंटा ओतायचा. त्याने धूर सोडणाऱ्या नळीचं तोंड हातात घेऊन टिचकी मारली आणि बाजूला ठेवलं.

"पत्र्याचं तोंड पत्र्यावानीच बोलंल. कासं पायजे. आन तेबी नवं न्हाई."

"काहून? नवं काय वाईट?"

"नव्या काशाला बोलाया याळ लागतो. रोज वाजलेलं कासं आन. मंदिरातली घंटा कुनी देनार न्हाई तुला. जनावराच्या गळ्यातलं आन. ते वाऱ्यापावसात वाजलेलं असतं."

आमच्याकडचे कारागीर असं मानत. मीही मानलं. आणि हे तोंडातून मीच काढलं, दुसऱ्या कुणी नाही: लिंबाजीमामाकडे अकरा घाट्या आहेत.

लिंबाजीमामा धनगर, गावाबाहेरच्या माळावर राहायचा. नात्याने मामा नव्हे. माझी आई मी रांगत असताना गेली, तेव्हा त्याची बायको सगुणामामी मला शेळीचं दूध पाजायची, तेव्हापासून मामा-मामी. त्याच्याकडे साठेक मेंढरं होती, त्यातल्या अकरा जणींच्या गळ्यात काशाच्या घाट्या, म्हणजे छोट्या घंटा. आजापणजापासूनच्या. मामाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड-अंधार कळायचा, तेवढंच. पण तो रोज एकटा मेंढरं चारायला न्यायचा, तो त्या घाट्यांवर. प्रत्येकीचा आवाज वेगळा. कोण पुढे गेली, कोण मागे राहिली, कोण कुणाच्या ज्वारीत शिरली, सगळं त्याला कानाने कळायचं.

बापूसाहेब म्हणाले, "माणूस धाडतो, काढून आणतील."

मी म्हणालो, "माणूस कशाला मालक? मी मागितल्या तर तो आपखुशीनं देईल."

हे वाक्य मी फार वेळा आठवलंय. मला कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं.

मी माळावर गेलो. मामा बाभळीखाली लोकर विंचरत बसला होता. मी म्हणालो, "मामा, ओताऱ्याला तुमच्या घाटीचा ठसा घ्यायचा हाय. मालकाच्या गाडीसाठी तसली करायची. माप घेतलं की परत आणतो."

"समद्या कशाला रं? एक ने."

"समद्यांचा आवाज पाहून मग ठरवनार हाय तो."

मामाने मान डोलावली. एकेक मेंढी हाक मारून जवळ घेतली, घाटी सोडली, कानाशी नेऊन एकदा वाजवली आणि माझ्या हातात दिली. "ही भुरीची. लई पुढं पळती, म्हून बारीक. ही लंगडीची, ही समद्यात मागं. हिचा आवाज ढोबळा हाय, आईक." अशा अकरा. मग म्हणाला, "चार दिस सगुणीला घेऊन जातो संगं. पर बाजाराच्या आत दे बरं का लेकरा. तिच्या गुडघ्याला तकलीफ हाय."

"दोन दिसांत देतो," मी म्हणालो.

त्याच दुपारी दत्तूने त्या फोडून मुशीत घातल्या. वितळलेल्या काशातून त्याने नळीचं तोंड ओतलं, धोत्र्याच्या फुलासारखं, पुढे पसरलेलं. मी ते बसवलं, हँडल मारलं... आणि खरं सांगतो, मला माझा अभिमान वाटला. खाली वाघासारखी गुरगुर आणि तिच्या पोटात एक बारीक झंकार. बापूसाहेब नुसते उभे राहून ऐकत होते. मग माझ्या पाठीवर थाप मारली.

दोन दिवसांनी सगुणामामी लंगडत वाड्याच्या मागच्या दाराशी आली. "सोपाना, घाट्या दे."

मी म्हणालो, ओताऱ्याकडं हायत. आठ दिवसांनी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा तिने मागितल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिली. "त्याला दिसत न्हाई रे," म्हणाली, "तुला ठावं हाय." आणि गेली.

आता ज्यासाठी हे लिहितोय ते.

बाजाराच्या दिवशी सकाळी बापूसाहेबांनी गाडी काढली, मी शेजारी. गुरं, शेळ्या, कोंबड्या, सगळं त्या आवाजाला बुजून शेतात पळत होतं. रस्त्यावरचं दुसऱ्या एका धनगराच्या मेंढरांचं खांड तर उधळून कुंपणात घुसलं. मग आम्ही लिंबाजीमामाच्या माळाजवळ आलो. तिथली मेंढरं पळाली नाहीत. त्यांनी माना वर केल्या आणि ती सगळीच्या सगळी गाडीकडे धावत आली. बापूसाहेबांनी ब्रेक दाबला. मेंढरं गाडीभोवती दाटली, चाकांना अंग घासू लागली. लांबून मामा आणि मामी हाका मारत होती, एकाही मेंढीने मागे वळून पाहिलं नाही.

बापूसाहेब हसायला लागले. त्यांनी गाडी हळू पुढे घेतली. मेंढरं मागे. थांबवली, मेंढरं थांबली.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? काशाचा आवाज ओळखीचा, जनावर आलं. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण ओतीव धातूच्या एका तुकड्याला एकच सूर असतो. हे मी मेकॅनिक म्हणून सांगतो. आणि मला त्या झंकारात एकापेक्षा जास्त आवाज ऐकू यायला लागले होते. गाडी वेग घ्यायची तेव्हा आधी बारीक आवाज यायचा. भुरीचा. गाडी मंदावली की सर्वात शेवटी एक ढोबळा आवाज, जरा मागून आल्यासारखा. मी तीनदा ते तोंड काढून तपासलं. ना चीर, ना सैल काही. हातोडीने ठोकलं की एकच सूर द्यायचं.

बापूसाहेबांना खेळ सापडला. रोज सकाळी ते माळावर जायचे आणि मेंढरं मागे लावून कोस-दीड कोस न्यायचे. लोक बघायला जमायचे. गाभण मेंढ्या रस्त्यात बसायच्या, दोन कोकरं चाकाखाली गेली. मामा काठी टेकत आवाजामागे धावायचा, पडायचा, उठायचा. एकदा तो गाडीशी येऊन पोचला. टपाला धरून धापा टाकत म्हणाला, "मालक, माझ्या घाट्या हायत हिच्यात."

"कुठं हायत? दाव बरं," बापूसाहेब म्हणाले. "तू दाव, मी देतो."

लोक खदखदून हसले. मामाने माझ्या बाजूला तोंड फिरवलं. मी तिथे आहे हे त्याला कसं कळलं ठाऊक नाही, कदाचित माझ्या कपड्यांच्या ऑईलच्या वासाने. मी पुढच्या काचेकडे बघत बसलो. त्याने मला काही विचारलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी तालुक्याचे अमीनसाहेब पाहुणे आले. अमीन म्हणजे तेव्हाचा पोलीस अधिकारी. बापूसाहेबांनी त्यांना मेंढरांची गंमत सांगितली, त्यांना ती खोटी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला अमीनसाहेबांना खुर्ची टाकून वळणावरच्या टेकाडावर बसवलं, भोवती अर्धं गाव. त्या वळणाशी रस्त्याच्या खडीसाठी खणलेली दगडाची खाण होती, दोन माणसं खोल. रस्ता सरळ तिच्या तोंडाशी जातो आणि एकदम उजवीकडे वळतो.

कार्बोरेटर खोकत होता म्हणून मला शेजारी बसवलं होतं. मेंढरं मागे लागली आणि बापूसाहेबांनी वेग वाढवला. इतका त्यांनी आधी कधी वाढवला नव्हता. मागे वळून पाहिलं तर सगळं खांड एकमेकांना चिकटून, माना खाली घालून पळत होतं.

मी म्हणालो, "मालक, पुढं खाण हाय."

"मला ठावं हाय," ते म्हणाले. त्यांचं लक्ष आरशात होतं.

इंजिन बंद करायचा खटका माझ्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर होता. खाली ओढला असता तर आवाज बंद, मेंढरं उभी. मला ते तेव्हाच सुचलं होतं, नंतर नव्हे. मी हात मांडीखाली दाबून बसलो. हैदराबाद माझ्या डोळ्यासमोर होतं.

गाडी वळली. पुढची मेंढरं वळू शकली नाहीत, मागच्यांनी त्यांना लोटलं, मग मागचीही गेली. धूळ बसली तेव्हा काठावर एकही मेंढी नव्हती. खालून काही वेळ आवाज येत होते, मग तेही थांबले. अमीनसाहेब खुर्चीवरून उठून म्हणाले, "क्या बात है बापूसाहब, ये तो सच्चे आशिक निकले." आणि त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

मामा बऱ्याच वेळाने आला. इंजिन चालूच होतं, त्याच्या रोखाने. चाचपडत गाडीच्या मागे गेला, वाकला आणि नळीच्या तोंडावर तळहात ठेवला. ते तापून लाल व्हायचंच बाकी होतं. त्याने हात काढला नाही. कडेवरून बोटं फिरवली. मग सरळ उभा राहून विचारलं, "मेंढरं कुठं हायत?"

बापूसाहेब म्हणाले, "पान्याला गेली रे. येतील."

दोघंतिघं हसले. मामाने मान डोलावली आणि तिथेच काठीवर हनुवटी टेकून वाट बघत उभा राहिला. शेवटी सगुणामामी येऊन त्याला हाताला धरून घेऊन गेली. मामीने खाणीत वाकून पाहिलं होतं, पण त्याच्यासमोर तोंडातून शब्द काढला नाही.

मांस वाया जाऊ नये म्हणून बापूसाहेबांनी ते गावात वाटलं. माझ्या वाट्यालाही आलं. मी खाल्लं. त्यानंतर आजतागायत मटण खाल्लेलं नाही, पण त्या दिवशी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हँडल मारलं. गाडी चालू झाली आणि झंकार नव्हता. मी ते तोंड काढून हातोडीने ठोकलं... कच्च्या मडक्यासारखा बद्द आवाज. दत्तूने उन्हात धरून पाहिलं, वाळूने घासलं, कुठेही चीर नव्हती. "मेलं हे," म्हणाला आणि हात धुवायला गेला. बापूसाहेबांचा गाडीतला रस संपला. महिन्याभरात त्यांनी ती विकली. दिलेला शब्द मात्र पाळला, मला हैदराबादची चिठ्ठी दिली. त्यांचं पुढे काही वाईट झालं नाही. वाचकांची तशी अपेक्षा असते, पण ते म्हातारे होऊन झोपेत गेले.

निघायच्या आधी, खाणीच्या प्रकाराला आठ दिवस झाले होते, मी ते काशाचं तोंड पोत्यात घातलं आणि माळावर गेलो. ठरवून गेलो होतो. मामाच्या पाया पडायचं आणि सगळं सांगायचं. सकाळचं लख्ख ऊन, वारा नाही. माळावर चिटपाखरू नव्हतं. कडेला बाभळीखाली सगुणामामी बसली होती. लांब माळाच्या मध्यावर मामा काठी घेऊन चालला होता, डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. अधूनमधून हाक घालत होता... आणि मला घाट्या ऐकू आल्या.

मी जागीच थांबलो. वाटलं, दुसऱ्या कुणाचं खांड असेल. कुठेही नव्हतं. गवत हलत नव्हतं, धूळ उडत नव्हती. आवाज मामाच्या भोवती होते, सुटे सुटे. एक बारीक, पुढे पुढे पळणारा. एक ढोबळा, मागे. मी मोजले. अकरा.

मामी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला बी ऐकू येऊन राहिलं का?"

"व्हय."

"मला वाटलं माझंच डोस्कं फिरलं. मोजल्या तर अकरा. त्या दिसाच्या दुसऱ्या सकाळपासून हाय. राती मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात जातो, एकेकीचं नाव घेऊन हात फिरवतो. म्हनतो, समदी बराबर हायत."

"मामी, त्याला म्हाईत न्हाई?"

"मी न्हाई सांगितलं. तू सांगाया आलास ना, मग जा. तूच सांग."

मी पोतं तिच्यापाशी ठेवलं. तिने पाय आखडून घेतले. मी मामाकडे चालत गेलो. जसजसा जवळ गेलो तसतसे आवाज माझ्या दोन्ही बाजूंना झाले, मग मागे. मी त्यांच्या मधून चालत होतो. पायाला काही लागलं नाही.

मामाने पाऊल ओळखलं. "कोन, सोपाना का?"

"व्हय मामा."

"हळू ये. बुजत्यात." मग जरा थांबून, ऐकत राहून, म्हणाला, "घाट्या आनून बांदल्यास, बरं केलंस बाबा. याळ लागला, पर बोलल्यापरमानं आनल्यास. सगुणी लई वाईट बोलत व्हती तुला. मी म्हनलं, आपल्या हातचं लेकरू हाय, खोटं न्हाई बोलायचं."

जळलेल्या हातावरचं फडकं सावरत त्याने दुसऱ्या हाताने माझा दंड चाचपला आणि थोपटला.

मी तोंड उघडलं. काय बोलायचं ते वाटेत घोकून आलो होतो. खरं सांगितलं असतं तर त्याची मेंढरं त्या क्षणी मेली असती. हे कारण मी पुढे खूप वर्षं स्वतःला दिलं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. तो मला चांगला म्हणत होता आणि मला ते ऐकून घ्यायचं होतं.

"व्हय मामा," मी म्हणालो, "आनल्या."

दुसऱ्या दिवशी मी हैदराबादला गेलो. दीड वर्षाने मामा वारला, तोवर रोज माळावर जायचा असं कळलं. मामी त्याच्या मागोमाग गेली. नंतर मी त्या माळावर चार-पाच वेळा गेलो, दिवसभर बसून राहिलो. काही ऐकू आलं नाही. कानांचा भ्रम म्हणावा तर मामीलाही ऐकू येत होतं, आणि एकच आकडा दोघांना कसा? मनाची बोचणी म्हणावी तर मामीला कसली बोचणी? मी इंजिनं उघडून कारणं शोधणारा माणूस, यात मला काहीही उघडता आलेलं नाही. कुणाला कळत असेल तर कळवा.

वाटेत घोकलेलं वाक्य छोटं होतं. मामा, ठशाचं मी खोटं सांगितलं होतं, घाट्या त्याच दिवशी फोडल्या, आणि खाणीपाशी खटका माझ्या हाताशी होता. मला माफ करा.

ते मी आज पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, ते नातसुनेपुढे.